अनवाणी माणसाचा जोडा

प्रल्हाद, तुझा जोडा आज सकाळी तयार झाला. दोन्ही पायांचा. उद्या तुझी तेरवी. गेलेल्या माणसाच्या नावानं तुमच्यात त्या दिवशी जोडा आणि छत्री दान देतात, पुढच्या वाटेवर त्याचे पाय पोळू नयेत म्हणून. हे मला वहिनीनं, तुझ्या सुमननंच सांगितलं, आणि जोडा हनीफनंच करायचा हेही तिनंच ठरवलं. गेली दोन वर्षं तू माझ्या दुकानात बसून माझ्याच धंद्याला शिव्या घालत होतास. तुझा शेवटचा जोडा माझ्या हातून व्हावा यावर तू पोट धरून हसला असतास. मला काही हसू आलं नाही.

तेरवीला मी येणार नाही. का, ते सांगतो पुढं. पण तुझ्याशी न भांडता इतके दिवस काढायची मला सवय नाही, म्हणून हे कागदावर.

मी माणसाचे पाय आधी पाहतो, तोंड नंतर. बापाचा धंदा, बापाचीच खोड. मंगरूळपीरच्या मराठी शाळेत पाचवीत तू माझ्या बाकावर येऊन बसलास, तेव्हाही मी आधी खाली पाहिलं होतं. खेड्यातून चालत आलेले, धुळीनं पांढरे झालेले पाय. टाचेशी निमुळते आणि पुढं सुपासारखे पसरलेले. करंगळी तर इतकी बाहेर की ती दुसऱ्याच कुणाची वाटावी. घरी जाऊन मी अब्बांना सांगितलं, आज एक पाय पाहिला, त्याच्या मापाचा आपल्याकडे फर्माच नाही. फर्मा म्हणजे ज्या लाकडी पायावर आम्ही जोडा चढवतो तो. अब्बा म्हणाले, "ऐसे पाँव का नाप अलग से लेना पडता, बेटा." तेव्हापासून तुझं माप माझ्याकडे आहे.

पुढं तू एसटीत कंडक्टर झालास आणि त्या पायांच्या नशिबी काळे बूट आले. पंचवीस वर्षं तुझे बूट मी ओले करून फर्म्यावर ताणले, कडेला चिरून आतून ठिगळ लावलं, पण तुझी करंगळी काही त्यात सुखानं बसली नाही. तिच्यावर भोवरी झाली. ती कापली की पुन्हा यायची. तरी धावत्या गाडीत दांड्याला न धरता तू तिकिटं फाडत उभा राहायचास, आणि मी पाहिलं की विचारायचो, पडत कसा नाही रे? "पायाची बोटं आतून धरून ठेवतेत ना बे," म्हणायचास.

अब्बांचा जनाजा निघाला तेव्हा तू ड्यूटीवरून थेट आला होतास. त्याच बुटांत. कब्रस्तानापर्यंत तू खांदा बदलू दिला नाहीस. माती देऊन परतताना तू एका दगडावर बसून बूट काढलास तर मोजा करंगळीपाशी लाल झालेला. मी ओरडलो तुझ्यावर, आधी का नाही सांगितलंस म्हणून. "तुह्या बापाले घेऊन चाललो होतो, बूट कुठं पाहू?" एवढंच बोललास. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नव्हती.

आणि मग दोन वर्षांपूर्वी तू मोबाइल नाचवत दुकानात आलास. कुठल्याशा माणसाचा व्हिडिओ होता. तो अनवाणी पळत होता, आणि पाय कसा टेकवायचा ते सांगत होता.

"हनीफ, तुह्या दुकानाले आता टाळं लाव. मी अनवानी पळनार."

"या वयात? काहून बे, बूट चोरीले गेले का?"

"लहानपनी शाळेत पळतच येत होतो ना? तवा कोनता बूट होता? हे पाय बिघडले ते बुटानं. मी त्यायले परत आनतो."

मला वाटलं, आठ दिवसांची हौस आहे. पण तू त्या व्हिडिओवाल्याचं शब्द न् शब्द ऐकलंस. जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतंस ते त्याचं ऐकलंस. पहिला महिना नुसतं चालणं, शाळेच्या मैदानावर. मग दहा मिनिटं पळणं, एक दिवस आड. टाच आधी आपटायची नाही, चवडा टेकवायचा, पावलं लहान ठेवायची. तुझ्या पोटऱ्या अशा भरून आल्या की तू गाडीच्या पायऱ्या तिरका होऊन उतरायचास आणि ड्रायव्हर तुझी टिंगल करायचा. तळव्याला फोड आले, फुटले, पुन्हा आले. तू रोज सांगायला यायचास. आज इथं दुखलं, आज तिथं दुखलं. दुखतंय याचा तुला मोठा आनंद होता. "दुखनं कमी होत गेलं का समजाचं पाय पक्का होऊन राह्यला," असं तू म्हणायचास. हे वाक्य मी विसरू शकत नाही.

तुझ्या नादानं मीही आलो. मानोऱ्याच्या रस्त्यावर सकाळी आपण दोघं, मी चपला हातात घेऊन. बारा दिवस टिकलो. माझा तळवा सपाट, पळायला लागलो की घोटे आतल्या बाजूला कलतात. तिसऱ्या दिवसापासून नडग्या ठणकायला लागल्या आणि बाराव्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला बसलो तो उठलोच नाही. तू मला बोअरच्या ओट्यावर नेलंस, पाय ओले करायला लावलेस आणि कोरड्या सिमेंटवर ठसे काढलेस. तुझ्या ठशात मधे आतल्या बाजूनं खोलगट जागा मोकळी, बोटं एकेक सुटी. माझा ठसा भाकरीसारखा भरलेला, आणि पुढं बोटं एकमेकांच्या अंगावर चढलेली.

"पाहा," तू म्हणालास, "जोडेवाल्याचा पाय. डब्यात घालून घालून असा केला तुनं."

"माह्या बापाचा पाय असाच होता. त्यानं लगनापर्यंत चप्पल पायात घातली नव्हती. हा पाय मले जल्मताच भेटला."

"पाय जल्मतो तसा राहत नाही. तुमी ठेवसान तसा होते."

"अन् ज्याले कमानच नाही, त्यानं काय कराव? तुह्या व्हिडिओत हे सांगतलं का?"

तू त्यावर काही तरी बोललास, मी काही तरी बोललो. तो वाद दोन वर्षं चालला. प्रत्येक पायाचं आपलं आपलं असतं, सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही, हे माझं म्हणणं. पाय माणसाच्या वागण्यानं घडतो, हे तुझं. मी हरलो असं मात्र अजून म्हणत नाही. तू जिंकलास असंही म्हणत नाही. आता विचारणार कुणाला?

दर महिन्याला तू माझ्याकडे माप द्यायला यायचास. जोड्यासाठी नव्हे, पुराव्यासाठी. पुठ्ठ्यावर पाय ठेवायचास आणि मी पेन्सिलनं भोवती रेघ ओढायचो. ते सगळे पुठ्ठे भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेले आहेत. खरं सांगतो, तुझ्या तोंडावर कधी बोललो नाही, पण ते बदलत होते. दीड वर्षात चवडा अर्धं बोट रुंद झाला. अंगठा सरळ झाला. करंगळीवरची भोवरी गेली ती परत आली नाही. पंचवीस वर्षं मला जे जमलं नाही ते तू जोडा काढून करून दाखवलंस. जळलो मी तुझ्यावर. सपाट पायाचा, पोट सुटलेला, दुकानात बसून राहणारा मी, आणि तू माझ्याच वयाचा, वाऱ्यासारखा हलका होत चाललेला.

हलका. हो, वजन उतरत होतं तुझं. आपण म्हणायचो, पळण्यानं उतरतंय. पाणी तू घटाघटा प्यायचास, आपण म्हणायचो, घाम जातो म्हणून. दिसत होतं सगळं. आपण त्याला आपल्या सोयीची नावं देत गेलो.

मग उन्हाळ्यातला तो दिवस. अकराच्या उन्हात तू डांबरावरून अनवाणी माझ्या दुकानापर्यंत चालत आलास, सावकाश, लग्नात मिरवावं तसा. शेजारचे दुकानदार बाहेर येऊन पाहत होते. आत येऊन तू तळवा वर केलास. त्यात एक बाभळीचा काटा मोडलेला होता, चांगला खोल. मी चिमट्यानं ओढला. तू छताच्या पंख्याकडे बघत होतास.

"लागलं नाही?"

"लागतच नाही बे आता."

मी आरी घेतली, कातडं टोचायची, आणि टोक तुझ्या टाचेला हळूच लावलं. लागते का? नाही. चवड्याला लावलं. नाही. अंगठ्याखाली लावलं, थोडं दाबून. नाही. आपण दोघं एकमेकांकडे पाहून हसलो. "पाय पक्का झाला तुहा," मी म्हणालो. मीच म्हणालो. आणि समोरच्या हॉटेलातून चहा मागवला आणि गरम जिलबी. साखरेचा आजार असलेल्या माणसाला मी माझ्या हातानं जिलबी भरवली, आणि तू बोटं चाटत अजून एक घेतलीस.

जन्मभर पायांत गेला माझा. गुराख्यांचे पाय पाहिले आहेत मी, ज्यांनी कधी जोडा घातला नाही. त्यांच्या तळव्याचं कातडं माझ्या रापीनंही कापणार नाही. पण काटा मोडला तर त्यांना कळतं. ते थांबत नाहीत, तोंड वाकडं करत नाहीत, पण कळतं. जाड कातडं आणि मुकं कातडं यांतला फरक जगात कुणाला ठाऊक असायला हवा? मला. आणि मी टाळी दिली तुला.

त्यानंतर शेवटचा पुठ्ठा. वाशीमला रविवारी दहा किलोमीटरची दौड होती, तू नाव दिलं होतंस, सगळ्या बूटवाल्यांत एकटा अनवाणी पळणार म्हणून गाडीतल्या प्रवाशांनाही सांगत सुटला होतास. आठ दिवस आधी माप द्यायला आलास. डाव्या पायाची रेघ ओढून झाली, तू पाय उचललास, आणि पुठ्ठ्यावर अंगठ्याच्या मागं डाग. मी पाय हातात घेतला. चिंचोक्याएवढं भोक होतं, कडेनं पांढरं, आत लाल. वास येत होता. तुला ठाऊकच नव्हतं.

"डॉक्टरले दाखव. आताच चाल."

"रविवार होऊ दे. डॉक्टर म्हनन पळू नोको."

"प्रल्हाद, हे चांगलं नाही दिसत."

"दुखून नाही राह्यलं ना. दुखत असतं तर गेलो असतो. अन् सुमनले सांगू नोको. तिले कळलं तर घरातून निघू देनार नाही. शपथ घे."

मी शपथ घेतली. का घेतली, याचं उत्तर मी बारा दिवस शोधतोय. एक उत्तर हे की मित्राचा शब्द. दुसरं उत्तर मला आवडत नाही, तरी लिहितो. दोन वर्षं मी तुला सांगत होतो की जोडा घाल, आणि दोन वर्षं तू मला खोटं पाडत होतास. तो डाग पाहून माझ्या मनात काळजीच्या आधी दुसरंच काही आलं. आता कळेल याला, असं आलं. क्षणभरच, पण आलं. त्या लाजेनं मी गप्प बसलो, की त्या रागानं, हे मला अजून सांगता येत नाही. तुझं घर माझ्या दुकानापासून पाच मिनिटांवर. आठ दिवस मी त्या रस्त्यानं गेलो नाही.

वाशीमला शेवटच्या वळणावर मी तुझ्या चपला घेऊन उभा होतो. तू आलास, लोक टाळ्या वाजवत होते, तू हात वर केले होतेस. मी खाली पाहिलं, खोडच ती. रस्त्यावर तुझ्या एकाच पायाचे ठसे उमटत होते. डाव्या पायाचे, ओले. आणि तू हसत होतास. संध्याकाळपर्यंत अंग तापलं, मीच तुला दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, साखर किती वर्षांपासून आहे? आपण एकमेकांकडे पाहिलं. मग अकोला. आधी बोटं गेली, मग पाऊल, मग घोट्याच्या वरून. विष पुढं पुढं चाललं होतं आणि डॉक्टर त्याच्या मागून कापत होते.

भेटायला आलो तेव्हा तू चादरीच्या सपाट झालेल्या जागेकडे पाहत होतास.

"कुठं टाकला असन रे त्यायनं?"

मग तू म्हणालास, उजवा आहे अजून, त्याचं माप जपून ठेव. मी हो म्हणालो. निघताना तू माझा हात धरलास. हात भाजत होता.

"सुमनले सांगतलं नाही ना तुनं?"

"नाही."

"बरं केलं."

हे तुझे माझ्याशी शेवटचे शब्द. यापेक्षा शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. आयुष्यभर माझी प्रत्येक गोष्ट चुकीची ठरवलीस आणि जी एक खरोखर चुकली तिला बरं म्हणून गेलास.

तिरडीला खांदा दिला मी. पांढरं कापड पायाशी एका बाजूला सपाट पडलेलं होतं, लोक तिकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होते. मी तुझी करंगळी शोधत होतो.

सहाव्या दिवशी तुझ्या घरी गेलो. सुमन भिंतीला टेकून बसली होती. तिनं जोड्याचं सांगितलं, छत्री बाजारातून आणू पण जोडा तुमी बनवा, त्यायले बाजारातला कधी झालाच नाही. मला राहवलं नाही. शपथ तुझी होती, तू गेलास, मी मोडली.

"वहिनी, मले माहीत होतं. आठ दिवस आधी पाह्यलं होतं मी. त्यानं शपथ घातली, अन् मी तुमाले सांगतलं नाही."

ती रडली नाही. मग म्हणाली, "मोज्याले डाग होता, हनीफभाऊ. ड्यूटीच्या मोज्याले, डाव्या. दोनदा धुतला मी. मले वाटलं बूट चावला असन. जल्मभर बूटच चावत आला त्यायले. मी म्हटलं, बरं झालं, सकायी तरी अनवानी पळतेत."

मी खाली मान घालून बसलो.

"तुमी तवा सांगतलं असतं तर..." एवढं बोलून ती थांबली. मग म्हणाली, "जोडा बनवा. दोनी पायाचा बनवा. पन तेरवीले येऊ नका. तुमी दिसले का मले तो मोजा दिसन."

मी बरं म्हणालो. तिच्या ठिकाणी मी असतो तर दारातही उभं केलं नसतं.

सहा दिवस लागले जोड्याला. फर्मा तर तुझ्यासाठी नव्हताच कधी, म्हणून सागाच्या तुकड्यातून तासून नवा केला, शेवटच्या दोन पुठ्ठ्यांवरून. करंगळीला पुरी जागा ठेवली आहे. अंगठा सरळ राहील. टाच उंच केली नाही, तळ पातळ ठेवला, म्हणजे तुला कुरकुर करायला काही उरू नये. डाव्या पायाच्या पुठ्ठ्यावर तो डाग अजून आहे, वाळून तपकिरी झालेला. जोड्यात त्याच जागी मी आतून मऊ कातड्याचा दुहेरी थर दिला. रापी चालवताना एकदा बोट कापलं. मला लागलं.

दुपारी सुमनचा भाऊ जोडा न्यायला आला. हातात घेऊन उलटासुलटा पाहिला त्यानं. "हनीफभाऊ, हा तं लयच रुंद झाला. ज्याले दान देनार त्याच्या पायात तं राहनार नाही." मी म्हटलं, ज्याचा आहे त्याच्या पायात राहील. त्यानं तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि नेला.

आमच्यात मेलेल्या माणसाला जोडा देत नाहीत, प्रल्हाद. पण तुमच्या त्या वाटेवर म्हणे काटे आहेत आणि रेती तापलेली आहे. मला ठाऊक आहे तू काय करशील. जोडा काखेत धरशील, पाय वर करून दाखवशील आणि म्हणशील, लागतच नाही बे. यावेळी तरी माझं ऐक. लागत नाही म्हणूनच घाल.